असली झटका

तेलीबांध्याहून आलेल्या टेक्निशियननं माझ्या गादीखाली मशीन बसवलं. "रात को फिट आई तो ये बजेगा. टेस्टिंग के लिए कोई लेटकर हाथ-पैर हिलाइए."

बाबांनी आडवं होऊन सगळा पलंग हादरवला. मशीन गप्प.

"ऐसे नहीं अंकल. असली झटके जैसा."

"तुमी उठा," म्हणत आई गादीवर आडवी झाली. आधी तिचा डावा अंगठा मुठीत वळला, मग मनगट, मग खांदा, आणि एका लयीत झटके सुरू झाले. मशीन वाजलं.

टेक्निशियन बघतच राहिला. मीही. नऊ वर्षांत माझी फिट मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आई, अंधारात तुले एवढं दिसलं कसं?"

"दिसलं नाही," चादर नीट करत ती म्हणाली. "तू झोपली का तुहा हात माह्या हातात असते न."