डब्याखालचा डाग

मिस्त्रीनं ओट्यावरचा चहाचा डबा उचलला आणि खालचा डाग बघून तो म्हणाला, "म्हणून बदलताय होय."

"डाग नाही तो," सर म्हणाले.

त्यांच्या मुलीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि यापुढची सगळीच तिला पाठ होती. आई जाऊन दोन महिने झाले होते. ओटा बदलून द्या, ही आईची एकुलती एक मागणी सरांनी आता मंजूर केली होती. विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागातही ते सगळ्या अर्जांचा निकाल साधारण याच वेगानं लावत.

स्वयंपाकघर रिकामं केलेलं होतं. पडदे उतरवले होते, मेन स्विच बंद होता, शेगडीच्या जागी छिन्नी आणि हातोडा येऊन बसले होते. फिकट गुलाबी ग्रॅनाइटमध्ये मसुराएवढा एक काळपट कण. त्याच्याभोवती तांबूस वलय, आणि त्या वलयातून चहूकडे गेलेल्या केसासारख्या भेगा.

"ॲलनाइट," सर म्हणाले. "दगड थंड होत असताना प्रत्येक खनिज आपल्याला हवं ते उचलून घेतं. काही मूलद्रव्यं मात्र कुणालाच नको असतात. लॅन्थॅनम, सेरियम, ती सगळी भावंडं. क्वार्ट्झ त्यांना दारातही उभं करत नाही. फेल्डस्पार त्यातलं एक युरोपियम तेवढं ठेवून घेतं, बाकीच्यांना वाटेला लावतं. मग हा एवढासा कण त्या सगळ्यांना पोटात घेतो. वर थोरियमही घेतो."

"घर लहान, पाहुणे फार," मिस्त्री म्हणाला.

"तेच. त्या थोरियमचे किरण आतल्या आत त्याचीच मोडतोड करत राहतात. तो फुगतो. जागा मात्र तेवढीच. मग शेजारच्या दगडाला भेगा पडतात, आतलं लोखंड गंजून बाहेर झिरपतं. कोट्यवधी वर्षं चाललेलं असतं हे."

"बाबा, त्यांना दुपारपर्यंत संपवायचंय."

"बोलू द्या ताई, हातोडा काय पळून जातोय? पण सर, असली लादी घेतलीत कशी? वखारवाल्यानं गळ्यात मारली का?"

"मी निवडली. एवढा मोठा कण सहसा मिळत नाही."

"आणि काकूंना चालली?"

सरांनी मुलीकडे बघितलं.

"आई बरोबरच होती," मुलगी म्हणाली. "तिला वाटलं, नको असलेली बाजूला काढतायत."

मिस्त्री हसला. मग एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

आई रोज सकाळी तो डाग घासायची. भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेऊन. सर पेपरमागून सांगायचे, अगं, तो दगडाच्या आतला आहे, निघायचा नाही. ती म्हणायची, "बरं. घासून बघते." घासून झालं की ओटा पुसायची आणि त्या जागेवर चहाचा डबा ठेवून द्यायची. पाहुणे आले की सर डबा उचलायचे.

"फोडायच्या आधी एकदा भेगा बघून घ्या," सरांनी खिशातून भिंग काढलं. "पुन्हा दिसायच्या नाहीत."

दिवा नव्हता. खिडकीतून येणारा उजेड तिरपा होता. सर नेहमी वरून बघायचे. आज उजेड पकडण्यासाठी त्यांना वाकावं लागलं, गाल जवळजवळ ओट्याला टेकवावा लागला.

तसंच वाकून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

त्या उजेडात सगळी लादी पाण्यासारखी चकाकत होती. फक्त कणाभोवती एक वर्तुळ मंद पडलेलं होतं. तांबूस वलयाच्या पलीकडे, डब्याच्या बुडाच्याही पलीकडे, वीतभर. वर्तुळ तसं नीट नव्हतं. उजवीकडे थोडं लांबत गेलं होतं, घासताना उजवा हात जातो तसं.

सरांनी भिंग बाजूला ठेवलं आणि बोट फिरवलं. चकाकीवरून बोट सरकत होतं. वर्तुळात आलं की किंचित अडत होतं.

"काय झालं?" मुलगी शेजारी येऊन वाकली. तिलाही दिसलं. "हेपण त्या थोरियममुळे?"

"नाही."

"मग कशानं?"

कुठल्याही वलयावर तासभर बोलू शकणारे सर त्या वर्तुळावरून नुसतं बोट फिरवत राहिले, उजवीकडे आणि परत. मुलीनं त्या बोटाकडे बघितलं. ती हळूच सरळ झाली आणि डोळे पुसून नाक ओढत म्हणाली, "तरी बदलू या, बाबा. तिला नकोच होता हा ओटा. एवढी एकच गोष्ट मागितली होती तिनं."

"हो," सर म्हणाले. "मागितली होती."

ते ओट्याला धरून उभे राहिले. चहाचा डबा मिस्त्रीच्या काखेत होता, तो त्यांनी मागून घेतला, पण खाली ठेवला नाही.

मिस्त्रीनं छिन्नी उचलली. "करू का सुरू?"

"नको."

"नको?" त्यानं मुलीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "अहो सर, लादी आणलीय मी नवीन. एकही डाग नाही तिच्यावर. हा ठेवून काय करणार? तुम्हीच म्हणालात, आतला आहे. हा काही निघायचा नाही."

"बरं," सर म्हणाले. "घासून बघतो."