शेवाळाची नक्षी

"तिकडं नगं, ताई. गाळ हाय, मानसाला गिळतो," सहादेव म्हणाला, आणि हुमेरानं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला.

जायकवाडी धरणाचा फुगवटा ओसरला की काठावर शेवाळ वाळत पडतं. कुठं जाळी उमटते, कुठं मोराचं पीस. हुमेराचा नवरा फैयाज या नक्षीपायी वेडा झालेला. गेल्या उन्हाळ्यात फोटो काढायला म्हणून सोनईहून इथं आला, तो घरी परतलाच नाही. "फैयाजभाऊ टेम्पोत बसून गेले, म्या बघितलं," असं सहादेवानं तेव्हा पोलिसांना सांगितलं. गावानं तेवढ्यावर निकाल लावला: पळाला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? माहेरचे आता तिच्या दुसऱ्या निकाहाचं बघत होते. हुमेरा हटून बसली होती. पळाला तर पळाला, जिवंत तर आहे! त्याचे अर्धे राहिलेले फोटो ती पुरे करत होती. आला की दाखवायचे होते.

सहादेव उघड्या पडलेल्या गाळावर कलिंगडं लावायचा. माणूस मोठा मायाळू. तिला पाणी द्यायचा, खोपीच्या सावलीत बसवायचा, चांगली नक्षी दाखवायचा. फक्त त्या उंचवट्याकडं जाऊ द्यायचा नाही. आज मात्र तिला राहवलं नाही, ती चढलीच. गाळ कुठला, जमीन चांगली टणक होती.

वरून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. शेवाळानं खाली लांबट चौकटी आखल्या होत्या, ओळीनं, सगळ्या दक्षिणोत्तर. पाण्याखाली गेलेल्या गावाचं कब्रस्तान. तिनं मेलेल्यांसाठी फातिहा पुटपुटली. कडेची एकच चौकट आडवी होती, बाकीच्यांहून हिरवीगार. हुमेराच्या छातीत धस्स झालं. मग तिची दिशा ध्यानात आली आणि हुमेराला हसूच फुटलं. उगाच केवढा जीव घाबरला!

सहादेव धापा टाकत मागून आला होता.

"ही कबर नाही, सहादेवदादा," ती म्हणाली. "आमच्यात असं पूर्व-पश्चिम कुणी निजवत नाही. कुणाचा तरी जुना ओटा असेल."

सहादेव तिथंच उकिडवा बसला.

"आमी उगवतीला डोकं करून निजतो, ताई," तो म्हणाला. "म्या म्हनलं, फैयाजभाऊंनाबी तसंच बरं वाटंल."