नववी पायरी

"इथे जपून," गाईड म्हणाला आणि नेहमीसारखी नववी पायरी ओलांडून थेट दहावीवर गेला. गुडघे ठणकत होते, पण तीस वर्षांत त्याने त्या पायरीवर पाय दिला नव्हता. मागची मंडळी हसली. एका काकूंनी मात्र नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

गोऱ्या साहेबाच्या या बंगल्याची गोष्ट तो अगदी रंगवून सांगे. साहेबाच्या बाळाला घेऊन आया जिना उतरत होती. नवव्या पायरीवर तिचा पाय घसरला. पडतानाही तिने बाळाला छातीशी धरून ठेवलं. बाळाला साधा ओरखडा आला नाही. आया मात्र जागच्या जागी गेली.

"अजून दुपारी चारला ही पायरी वाजते. बाळ नीट झोपलंय ना, ते बघायला ती वर जाते."

लोक हळूच घड्याळ बघत.

आज मंडळींच्या मागे नव्या व्यवस्थापक बाई फाइल घेऊन उभ्या होत्या. त्यांचाही इलाज नव्हता. कागदोपत्री असेल तेवढंच सांगायचं, असा वरून हुकूम होता. आपल्या भुताचं आता काय होणार, ही धास्ती गाईडला सकाळपासून होती.

मंडळी गेल्यावर बाईंनी बंगल्याची जुनी वही उघडली.

"काका, मी सगळी वाचली. घोड्यांची नावं आहेत. कुत्र्यांचीसुद्धा आहेत, वयासकट. नोकरांमध्ये नुसतं 'आया, एक' एवढंच. नाव नाही, पडल्याची नोंद नाही. उद्यापासून भूत बंद करा. सुतार येईल, ती पायरीही बदलून घेऊ."

गाईड आठव्या पायरीवर बसला. समोरच्या भिंतीवर त्याच बाळाचं मोठं तैलचित्र होतं. बाळ आता मिशा राखून ऐटीत बसलं होतं, आणि खाली सोनेरी अक्षरांत त्याचं पूर्ण नाव होतं. गाईड रोज त्या चित्रावरची धूळ पुसायचा. आज त्याला तिकडे बघवेना.

"ती पडली तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात होतो," तो म्हणाला. "पाच वर्षांचा."

बाईंनी वही मिटली.

"भूतबीत काही नाही, मॅडम. पण नुसत्या आयाची गोष्ट ऐकायला कोण थांबतं? आईला या घरात ठेवायची मला दुसरी सोयच दिसली नाही."