सुईनं काढलेलं पाणी

कॅन्सरमुळे माझा एक स्तन काढला, तेव्हा त्या जागी इम्प्लांट बसवलं होतं. इतक्या वर्षांनी ती बाजू अचानक सुजली. डॉक्टर म्हणाले, "आत पाणी झालंय. सुईनं काढून टाकू."

माझी सून म्हणाली, "काढा, पण टाकू नका. तपासायला पाठवा. इम्प्लांटभोवती लिम्फोमा नावाचा कॅन्सर होतो कधीकधी."

"फार क्वचित होतो हो."

"क्वचित म्हणजे कुणाला तरी होतोच ना?"

डॉक्टर वैतागले. मी ओशाळून खाली बघत राहिले. बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी लागेपर्यंत ही बाई जागची हलली नाही.

लिम्फोमाच निघाला. पण तो अजून इम्प्लांटभोवतीच्या आवरणातच होता. आवरणासकट सगळं काढलं आणि मी सुटले.

नंतरच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आजी, सूनबाई भांडल्या म्हणून वेळेत कळलं."

मी ताठ बसत म्हटलं, "भांडेल नाही तर काय? लग्न होऊन आली त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून आमची जुंपली. तेव्हापासून रोज माझ्यासमोर रियाज केलाय तिनं."