घर कुठल्या आळीला?

अध्यक्ष, परदेशात येऊन मला झालेला एकमेव फायदा तुम्ही हिसकावून घेतलात.

लोक जर्मनीत येतात ते पगारासाठी, मुलांच्या शाळेसाठी. मी राहिलो, कारण इथं माझी जात कुणी काढत नाही. वरच्या मजल्यावरची म्हातारी आमच्याकडे जेवून जाते, आडनावसुद्धा विचारत नाही.

मागच्या पाडव्याला इथल्या मराठी मंडळात तुम्ही माझ्या बायकोच्या तीन पुरणपोळ्या तूप ओतून खाल्ल्यात. "वहिनी, पुढच्या वर्षी सगळ्या पोळ्या तुमच्याच हातच्या," म्हणालात. ती वर्षभर त्याच तोऱ्यात होती.

परवा घरी येऊन तुम्ही सहज विचारलंत, "गावात घर कुठल्या आळीला?" मी खरं ते सांगितलं, "वेशीबाहेर." तुम्ही "अच्छा, अच्छा" म्हणालात आणि चहा अर्धा ठेवून उठलात.

आणि आत्ता, यंदाच्या पाडव्याच्या तोंडावर, फोनवर म्हणताय, "वहिनींना उगाच त्रास नको. पोळ्या राहू देत, तुम्ही फक्त पाण्याच्या बाटल्या आणा, सीलबंद."

पुरण वाटून तयार आहे. ती कणीक तिंबत विचारतेय, किती जण येणारेत. थांबा, फोन तिच्याकडे देतो. तिला तुम्हीच सांगा, मागच्या वर्षी खाल्लेल्या त्या तीन पोळ्या कुठल्या आळीच्या होत्या?