साकोली वाटेतच आहे

नागपूरची एस.टी. अजून आली नव्हती. लाखनीला सडकेच्या कडेला, हापशीजवळ रंभाबाई पायाशी गाठोडं घेऊन उभी होती. गाठोड्यात नवे चिन्नोरचे तांदूळ होते, तुरीचे हिरवे सोले होते आणि सगळ्यांत वर केळीच्या पानात बांधलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या. पहाटे उठून तळलेल्या. पान अजून कोमट होतं.

खरं तर हे सगळं तिच्या गावी, तिच्याच चुलीवर व्हायचं होतं. इश्वर तिचा एकुलता एक लेक, नागपूरला कचेरीत बाबू. दिवाळीला तो आला नाही, पण त्याचं पत्र आलं. नाताळात बेबीच्या शाळेला दहा दिवस सुट्टी आहे, आम्ही तिघंही येतो. शेजारच्या टिकारामाकडून रंभाबाईनं ते पत्र तीनदा वाचून घेतलं, आणि त्या दिवसापासून तिचा जीव दहा दिवसांच्या स्वयंपाकात अडकला. पहिल्या दिवशी पाटोडीचा रस्सा, इश्वरच्या आवडीचा. मग सोलेभात. रविवारी तळ्यातली मासळी. मडक्यावरचे मांडे अगदी शेवटच्या दिवशी, कारण त्याला दोन बाया लागतात आणि तोवर सून जराशी रुळली असती. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती एकटीच जेवत होती. एका जिवासाठी दोनदा चूल कशाला पेटवायची, म्हणून सकाळचाच भात संध्याकाळी खाई.

चार दिवसांपूर्वी दुसरं पत्र आलं. साहेबानं रजा दिली नाही. येणं होत नाही.

टिकारामानं ‘साहेबानं’ असं वाचलं. रंभाबाईनं मनात ‘सुनेनं’ असं ऐकलं. ललिता नागपूरच्या सिमेंटच्या घरात वाढलेली. सात वर्षांत गावी आली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा सारवलेल्या भुईवर जपून जपून पाय टाकत होती. तिलाच यायचं नसेल. दोन दिवस रंभाबाई विझल्या चुलीपुढे नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी उठून तिनं सोले सोलायला घेतले. ते येत नाहीत तर आपण जावं. सुनेच्या घरात का होईना, लेकापुढे एक ताट वाढावं.

तेवढ्यात नागपूरकडून एक जीप आली आणि समोरच्या चहाच्या टपरीपाशी थांबली. टपावर पेट्या आणि वळकट्या बांधलेल्या होत्या. पुढून एक जाडसर गृहस्थ उतरले. रंभाबाईनं त्यांना लगेच ओळखलं. भैय्याजी, ललिताचे वडील. त्यांच्यामागून इश्वर उतरला. अंगात नवा स्वेटर होता. सासऱ्याच्या कुठल्याशा बोलण्यावर तो मोठ्यानं हसला.

रंभाबाईनं पदर कपाळावर ओढला. चोरी आपणच केली आणि आता पकडले जाणार, असं तिला झालं. गाठोडं उचलून ती झाडाआड होणार, तोच बेबीचा हात धरून ललिता सडक ओलांडून हापशीकडे आली.

“आई? तुम्ही इथं?” ललिता थबकली. “साकोलीला नाही गेल्या?”

“साकोलीले?”

“मावशींकडे. हे म्हणाले, तुमचं पत्र आलं. सुट्टीत बहिणीकडे चालले, तुम्ही येऊ नका म्हणून. बेबी किती रडली! मग बाबा म्हणाले, आमच्यासोबत भिलाईला चला, दादाकडे.”

रंभाबाईनं पलीकडे पाहिलं. इश्वरच्या हातात कपबशी होती. त्यानं आईला पाहिलं होतं. तो जागचा हलला नाही. बशी कलली होती, चहा बुटावर सांडत होता, त्याचीही त्याला शुद्ध नव्हती.

“हो,” रंभाबाई म्हणाली. “साकोलीलेच चालली मी, बाई. गाडीची वाट पाहून राहिली.”

“मग जीपमध्ये बसा की. साकोली वाटेतच आहे.”

रंभाबाईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मधून एक ट्रक गेला. बेबी एव्हाना गाठोड्याशी उकिडवी बसली होती.

“आजी, पानात काय आहे?”

“सांबारवड्या. तुयासाठीच तं केल्या, माय.”

ती बोलून गेली, आणि मग साकोलीचं तिच्या ध्यानात आलं.

ललितानं गाठोड्याकडे पाहिलं. सासूच्या अंगावरच्या घडी मोडलेल्या नव्या लुगड्याकडे पाहिलं. मग सडकेपलीकडे उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाच्या सातव्या वर्षी सासू पहिल्यांदाच तिचा हात हातात घेत होती.

“जाऊ दे, बाई,” रंभाबाई हळूच म्हणाली. “काही बोलू नोको त्याले. सासऱ्यापुढं मान खाली जाईन त्याची.”

ललितानं हात सोडवून घेतला नाही. तिथूनच तिनं जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली.

“टपावरची पेटी उतरवा हो!”

“कोणती, बाई? तुमच्या दोन हायेत.”

“माझी आणि बेबीची. यांची राहू द्या.”