आईची खूण

रविवारची जेवणं आटोपली, टेबल पुसून झालं आणि बाबांनी पुस्तक मधोमध ठेवलं. या घरात कादंबरीची प्रत एकच आणि वाचणारे चार, म्हणून खुणाही चार. बस चालवणाऱ्या धाकट्याचं तिकीट, औषधांच्या दुकानात बसणाऱ्या ताईची गोळ्यांच्या खोक्याची पट्टी, बाबांची बाइंडिंगच्या कापडाची चिंधी आणि आईचा केसांचा आकडा. कुणी काय वाचलं ते दर रविवारी सांगायचं. पण जो सगळ्यात मागे असेल त्याच्या पुढचं अवाक्षर काढायचं नाही. नियम आईनेच केला होता. सगळ्यात मागे नेहमी तीच असायची.

आई वारली त्याला वर्ष होत आलं. आकडा एकशे बाराव्या पानावर राहिला आणि पुस्तकाचं भिजत घोंगडं पडलं. बाबा नियम मोडू देईनात. दर रविवारी तिघांनी तीच एकशे बारा पानं उगाळायची.

मग तीन महिन्यांपूर्वी आकडा पुढे सरकू लागला, आठवड्याला वीस-पंचवीस पानं. बाबांनी कुणाला काही विचारलं नाही. त्यांचं जेवण मात्र सुधारलं.

सरकवत होती ताई. दर रविवारी सकाळी, बाबा आंघोळीला गेले की. आईचं वाचून एकदाचं संपलं की बाबा तिला जाऊ देतील आणि पुन्हा माणसांत येतील, असा तिचा हिशेब. आज तिने आकडा शेवटच्या छापील पानाला लावला होता. पुठ्ठा नवा दिसला, पुस्तक हाताला जरा जाड लागलं. पण बाइंडरच्या घरात पुठ्ठे बदलायचेच.

"शेवटच्या स्टॉपवर दहा-दहा मिनिटं वाचून मी संपवलं, त्यालाही सहा महिने झाले," धाकटा म्हणाला. "ती डॉक्टरीणबाई बोटीत चढते की दीपगृहावरच राहते, हे पोटात ठेवून ठेवून मला पित्त झालंय. ताई, गोळी दे एखादी."

"गोळी कशाला? बोल आता मोकळेपणी," ताई म्हणाली. "आईचं संपलंय."

"नाही संपलं," बाबा म्हणाले.

"बाबा, मी पाहिलंय ना. आकडा शेवटच्या पानावर आहे."

"ते शेवटचं होतं. परवा मी पुस्तक उसवलं, मागे सोळा कोऱ्या पानांचा एक फर्मा घातला आणि पुन्हा शिवलं." बाबांनी टेबलावरचा एक कण बोटाने टिपला. "इतक्यात संपवून ती करेल काय?"

ताईला रडू फुटायचंच बाकी राहिलं. ती तीन महिने जे सोडवायला धडपडत होती, ते बाबा पक्क्या दोऱ्याने शिवत बसले होते.

"कोरा कागद आहे तो, बाबा! त्यावर आई काय वाचणार?"

बाबांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

तिने ते मागून उघडलं. शेवटच्या छापील पानाच्या कडेला आकड्याचा ताजा वळ होता. आकडा तिथे नव्हता. तो सहा कोरी पानं पुढे गेला होता आणि तिरका बसला होता.

"तू हात लावलास?" तिने धाकट्याला विचारलं.

"मी? मी तर आलो तो थेट ताटावरच बसलो." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. आणि बाबा तर आंघोळीहून आल्यापासून तिच्याच शेजारी मटार सोलत बसले होते. जेवणापर्यंत जागचे हललेही नव्हते, आणि पुस्तकही त्यांनी सगळ्यांदेखत, न उघडताच मधोमध ठेवलं होतं. ताई बाबांकडे वळली.

"बाबा, ऐका ना. आजपर्यंत मीच सरकवत होते आकडा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. चुकलं माझं."

"ठाऊक आहे गं मला," बाबा अगदी मायेने म्हणाले. "तू सरळ लावतेस. तिरका लावायची ती."

बाबांनी चष्मा चढवला. पुस्तक पुढ्यात ओढून शेवटच्या छापील पानावरची आपली चिंधी काढली आणि पहिलं कोरं पान उघडलं. त्यांचं बोट डावीकडून उजवीकडे जाऊ लागलं, एकेक ओळ खाली उतरत. पान संपलं तसं त्यांनी बोटाला थुंकी लावून ते उलटलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं, बाबा दोन ओळी मागे गेले, पुन्हा तेच वाचलं आणि खांदे हलवत हसले. आईच्या बोलण्यावर हसायचे तसे. वर्षभरात ते हसू या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

ताई उठून त्यांच्या पाठीमागे गेली आणि खांद्यावरून वाकली. पान पांढरंफटक होतं.

"बाबा," तिने विचारलं. "काय आहे त्यात?"

बाबांनी पानावर तळवा ठेवला.

"अंहं. नियम म्हणजे नियम. तू अजून मागे आहेस."